वरच्या बाथरूममध्ये पाण्याला जोर नाही. प्रेशर पंप घेण्याआधी काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

दोन मजली घर आहे, गच्चीवर टाकी, पंप नाही. वरच्या बाथरूममध्ये नळ उघडला की पहिले काही सेकंद पाणी जोरात येतं, मग धार बारीक होते आणि तशीच राहते. १५ लिटरची बादली भरायला ८ मिनिटं लागतात. शेजारच्या बेसिनचा नळ त्याच उंचीवर आहे, पण त्याची लाइन टाकीपासून वेगळी आली आहे आणि तो व्यवस्थित चालतो.

प्लंबर म्हणतात, टाकीची उंची कमी पडते, पंप बसवा. मला ते पटत नाही. टाकी तीच, उंची तीच, आणि पूर्वी इथे शॉवरसुद्धा छान चालायचा.

नळाची जाळी आणि शॉवरची चाळणी धुऊन झाली. गार-गरम दोन्ही सारखंच बारीक येतं, म्हणजे गीझरचा दोष नसावा. पाइप जुने, जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे). भिंत न फोडता अडथळा कसा शोधायचा? एअर लॉक (पाइपात अडकलेली हवा) असेल तर तो कसा ओळखायचा? आईला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून हे लवकर सुटायला हवंय.

प्रतिसाद १
तुमची शंका रास्त आहे. नळ बंद असताना लाइनमध्ये कितीही अडथळा असला तरी दाब पूर्ण उंचीचाच मिळतो. १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो दाब, म्हणजे ३ मीटरला ०.३. नळ उघडला की अडथळ्यातून पुरेसं पाणी येत नाही आणि दाब पडतो. आधी जोर आणि मग बारीक धार, ही त्याचीच खूण. अशा लाइनवर पंप बसवला तर त्यालाच पाणी कमी पडेल.

अँगल कॉकपुढची (नळाआधी भिंतीवर असतो त्या छोट्या कॉकपुढची) जोडनळी सोडून पाणी थेट बादलीत घ्या. तिथे भरपूर आलं तर दोष नळात किंवा जोडनळीत. तिथेही बारीक असेल तर मागे जा, गच्चीवरच्या गेट व्हॉल्व्हपर्यंत. त्याचं चाक दोन्ही बाजूंना कुठेच न अडता फिरत राहतं का? तसं असेल तर आतली, पाणी अडवणारी पाकळी दांड्यापासून सुटून खाली पडलेली असते.

प्रतिसाद २
एअर लॉकमध्ये पाणी बहुधा फुरफुरत, तुटक येतं. गच्चीवर पाइप कुठे कमानीसारखा वर चढून उतरतो का पाहा, हवा तिथेच अडकते. त्या जागी हवा बाहेर जायला उभा व्हेंट पाइप द्यावा लागतो, त्याचं उघडं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर हवं. जुन्या जीआयमध्ये गंजाने पाइप आतून अरुंद होतो हे खरं, पण तो त्रास हळूहळू वाढत जातो. तुमच्याकडे कधीपासून?

मूळ प्रश्नकर्ती
टाकी धुतल्यानंतर एकदम. आणि चाक खरंच नुसतं फिरतंय! पाइप सरळ आहे, कमान नाही. व्हॉल्व्ह बदलायला टाकी रिकामी करावी लागेल का?

प्रतिसाद १
नाही. त्या लाइनच्या तोंडाला टाकीच्या आतून बूच घट्ट बसवा आणि काम झालं की आठवणीने काढा. नवा व्हॉल्व्ह फुल बोअर बॉल व्हॉल्व्हच घ्या, इतर काहींचं आतलं भोक पाइपपेक्षा लहान असतं. टाकी धुताना निघालेला गाळही लाइनमध्ये गेला असेल, म्हणून नवा बसवून बूच काढल्यावर, खालची जोडनळी लावण्याआधी अँगल कॉक उघडा ठेवून थोडं पाणी सोडून द्या.