मुलाचे सपाट तळपाय आणि सासूबाईंचा खचलेला घोटा

प्रश्न (नेरूळ):
माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. ओल्या पायांनी तो फरशीवर चालला की संपूर्ण तळव्याचा ठसा उमटतो, मधली कमान दिसतच नाही. तो भरपूर धावतो आणि पाय दुखल्याची तक्रार करत नाही. तरीही एका दुकानात त्याच्यासाठी कमानीला आधार देणारे महागडे बूट सुचवले. सासूबाईंचाही (वय 58, मधुमेह) उजवा पाय गेल्या वर्षभरात सपाट झाला आहे आणि घोट्याला आतून सूज येते. पण त्या ‘वयोमानाने होतेच’ म्हणून टाळतात. हे आनुवंशिक असावे का? बूट घ्यावेत का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, ठाणे):
ताई, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत, आणि स्पष्टच सांगायचे तर तुमच्या घरात काळजी नको त्या पायाची चालली आहे.

लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात, त्यामुळे कमान झाकलेली राहते. ती साधारण दहा वर्षांपर्यंत हळूहळू आकार घेते. मुलाला भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभे करा आणि मागून पाहा. कमान उमटली आणि टाचा आत वळल्या, तर पाय लवचीक आहे, आणि न दुखणाऱ्या लवचीक पायाला उपचार लागत नाहीत. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर असे दिसले, की विशेष बूट वापरलेल्या मुलांइतक्याच काहीही न वापरलेल्या मुलांच्या कमानी सुधारल्या होत्या. कमान उमटलीच नाही, पाय ताठर असला किंवा मूल लंगडू लागले, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कारण कधी कधी पायाची दोन हाडे जन्मतःच जोडलेली असतात.

सासूबाईंच्या बाबतीत ‘वयोमान’ हे उत्तर पुरेसे नाही. पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात उतरणारा एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा बंध) कमान उचलून धरतो. चाळिशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, वजन जास्त किंवा मधुमेह असल्यास तो झिजू शकतो. त्यांना आधार धरून केवळ उजव्या पायावर टाच उचलता येते का, ते पाहा.

उत्तर (वाशी):
मुलाला घरात आणि सोसायटीच्या बागेत अनवाणी खेळू द्या. 2300 भारतीय मुलांच्या 1992 मधील पाहणीत बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के आढळले, तर अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के.

प्रश्नकर्त्या:
मुलाची कमान चवड्यांवर छान दिसते. सासूबाईंची टाच मात्र उचललीच जात नाही. त्यांना तयार मिळणारे सिलिकॉनचे इनसोल आणून देऊ का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, ठाणे):
आधी तज्ज्ञांना दाखवा; मऊ गादीने पावलाला बरे वाटते, पण खचणारी कमान तोलली जात नाही. सुरुवातीला विश्रांती, घोट्याला आधार, मापाचे इनसोल आणि सूज उतरल्यावर क्रमाक्रमाने व्यायाम अशी वाट असते, आणि वेळीच सुरू केल्यास अनेकदा शस्त्रक्रिया टळते. तोवर टाच उचलण्याचा प्रयोग पुन्हा करू नका. मधुमेह असल्यामुळे आणखी एक गोष्ट आजच पाहा: हाताच्या पाठीमागच्या बाजूने दोन्ही पावले चाचपा. उजवे पाऊल डाव्यापेक्षा गरम किंवा लाल असेल, तर दुखत नसले तरी त्यावर भार देऊ न देता त्यांना लगेच रुग्णालयात न्या. मधुमेहात संवेदना बोथट झाल्यावर पावलाची हाडे वेदनेविनाही मोडू शकतात.