पुरातल्या भामरागडला एअरशिप: उडेल, पण बांधायचं कुठं?

भामरागडकर: पर्लकोटा नदीला पूर आला की आमचा रस्ता तुटतो. धान्य, औषधं अलीकडंच अडकतात. फ्रान्समधली फ्लाइंग व्हेल्स कंपनी २०० मीटर लांब, ६० टन माल नेणारं एअरशिप, म्हणजे हेलियम वायूवर तरंगणारं हवाई जहाज, बनवायचं म्हणते. ते जमिनीला टेकणारच नाही, अधांतरी राहून माल खाली सोडेल. गडचिरोलीसाठी याचा विचार व्हायलाच हवा.

आर्वीचा शेतकरी: भाऊ, कळकळ समजते, पण माझा विरोध आहे. मागच्या उन्हाळ्यात वावधान सुटलं तेव्हा आम्ही तिघं कुटारावर ताडपत्री ओढत होतो. दोर मी तळहाताला गुंडाळलेला. ताडपत्री फुगली आणि मी धुऱ्यापर्यंत फरफटत गेलो, हाताचं सालटं निघालं. ११ मे १९३२ ला सॅन दिएगोजवळ अमेरिकन नौदलाचं २३९ मीटरचं 'अक्रॉन' एअरशिप दोरांनी जमिनीशी बांधताना असंच झालं. उन्हानं हेलियम तापला, जहाज हलकं होऊन उसळलं. बाकीच्यांनी दोर सोडले, तिघं लटकत वर गेले. दोघं पडून मेले. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर विचारूच नका.

निवृत्त फिटर, बल्लारपूर: दोर माणसांनी धरायचे दिवस गेले. पुढं त्याच नौदलानं त्यासाठी ट्रॅक्टरसारखी यंत्रं आणली. नाक खांबाला अडकवलं की जहाज वाऱ्याकडं तोंड करून आपसूक फिरतं.

आर्वीचा शेतकरी: फिरायला जागा? जर्मनीचं 'हिंडेनबर्ग' एअरशिप २४५ मीटर होतं. तेवढं धूड खांबाभोवती फिरवायला सुमारे ४७ एकर मोकळं रान लागतं, मधे एक मोहाचं झाड चालायचं नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. अमेरिकन नौदलाचं 'लॉस एंजेलिस' एअरशिप तर १९२७ मध्ये खांबावरच शेपटी वर करून उभं राहिलं. जुनं म्हणून सोडू नका, नोव्हेंबर २०१७ मध्ये इंग्लंडात 'एअरलँडर' हे नवं एअरशिप खांबावरून सुटून कोसळलं.

भामरागडकर: म्हणून तर बांधायचंच नाही म्हणतो.

निवृत्त फिटर, बल्लारपूर: इथं मात्र आर्वीकरांचं पटतं. ६० टन उतरवले की तेवढंच वजन वर घ्यावं लागतं, नाहीतर जहाज उसळेल. म्हणजे ६० हजार लिटर पाणी, मोठे सहा टँकर, आणि तोवर वाऱ्यात एका जागी थांबायचं.

भामरागडकर: पाणी तर पुरात पायाशीच आहे. एक टन उतरवा, एक टन भरा.

आर्वीचा शेतकरी: मधेच वारं फिरलं तर खालची माणसं कुठं पळतील? आधी उंच पूल मागा.

भामरागडकर: पूल मागतोच आहे, दादा. मागच्या पावसाळ्यात वहिनीला कळा सुटल्या तेव्हा डोंग्यातून नाला पार केला. मी पाणी उपसत होतो, भाऊ वल्हवत होता.