मदत हवी आहे: एझेडटीची गोष्ट दहावीच्या मुलांना कशी सांगू?

शनिवारी शाळेत पंधरा मिनिटं बोलायचंय. विषय घेतलाय एझेडटी. १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलेलं, तिथं फसलेलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलेलं.

विषाणू पेशीत शिरून जो डीएनए बनवतो, त्याची फळ्यावर मण्यांची माळ काढून बघितली. एझेडटीचा मणी थायमिडिन या डीएनएच्या खऱ्या मण्यासारखाच दिसतो, पण पुढचा मणी ओवायला त्याला भोकच नाही. माळ तिथंच खुंटते. इथवर जमलं. घोडं अडलंय पुढे. आपल्या पेशीही डीएनए बनवतातच की! विषाणूचं डीएनए जोडणारं एन्झाइम हा खोटा मणी चटकन उचलतं, आपलं सहसा नाही, हे घरगुती उदाहरणाने कसं समजावू? औषधाने ॲनिमिया व्हायचा, तेही सांगू की गोंधळ वाढेल? शिकवणाऱ्यांनी जरा सुचवा ना.