क्वांटम क्रिप्टोग्राफीत पीएचडी: थिअरी की प्रयोग? मार्गदर्शन हवे (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. फिजिक्समध्ये एमएस्सी झाली, सेट निघाली. सध्या इथल्याच एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते आणि नेट-जेआरएफचा (संशोधनासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या परीक्षेचा) अभ्यास चालू आहे. पुढे संशोधन आणि शिकवणं, दोन्ही करायचं आहे.

या विषयाची ओढ वर्गातच लागली. बीएस्सीच्या मुलांना दोन पोलरॉइड (प्रकाश गाळणाऱ्या पट्ट्या) घेऊन मॅलसचा नियम दाखवत होते. दोन्हींत 45 अंशांचा कोन असला की पहिल्यातून आलेला प्रकाश दुसऱ्यातून निम्माच जातो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण सोडला तर?" अर्धा फोटॉन काही पलीकडे जात नाही. तो एक तर जातो नाही तर अडतो, आणि काय होणार हे आधी सांगता येत नाही. बेनेट आणि ब्रासार्ड या शास्त्रज्ञांची बीबी84, म्हणजे फोटॉनांतून गुप्त किल्ली (बिट्सची मालिका) पाठवण्याची पद्धत, याच गोष्टीवर उभी आहे. चोरून ऐकणाऱ्या मधल्या माणसानं प्रत्येक फोटॉन अडवून, मोजून पुढे पाठवला, तर पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकाच मांडणीनं हाताळलेल्या बिट्सपैकी सरासरी 25 टक्के चुकतात आणि चोरी उघड होते. बेनेट-ब्रासार्ड यांनी हे 1984 साली बेंगळुरूच्या परिषदेत मांडलं, हे कळल्यावर तर विषय फारच आपला वाटायला लागला.

आता अडचण. प्रयोगाकडे वळायचं तर सिंगल-फोटॉन डिटेक्टर असलेली लॅब हवी, म्हणजे बेंगळुरूची आरआरआय (रामन संशोधन संस्था), अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) किंवा आयआयटी मद्रास. थिअरी इथं राहूनही जमेल, असं काहीजण म्हणतात. वडिलांचं यंत्रमागावरचं काम आता कमी झालंय, त्यामुळे घर सोडताना पैशाचाही विचार करावा लागतो. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 रुपये, त्यात भागेल.

दुसरी काळजी. 2023 साली मंजूर झालेलं केंद्र सरकारचं राष्ट्रीय क्वांटम मिशन 2030-31 पर्यंतचं आहे. माझी पीएचडी साधारण तेव्हाच संपेल. पुढे नोकरीचं काय? शिवाय 2024 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं पोस्ट-क्वांटम मानकं, म्हणजे क्वांटम संगणकापुढेही टिकाव्यात अशा सॉफ्टवेअरमधल्या सांकेतिक पद्धती, जाहीर केली. नुसत्या सॉफ्टवेअरनं काम होणार असेल, तर या विषयाला भवितव्य आहे ना? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. पोस्ट-क्वांटमची सुरक्षितता काही गणितं अवघड आहेत या गृहीतकावर टिकून आहे, तर तुमच्या विषयाची भौतिकीच्या नियमांवर, त्यामुळे दोन्ही विषय शेजारी-शेजारी राहणार. तुमच्या विषयात काम भरपूर पडलंय. चांगल्या फायबरमध्येही प्रकाशात किलोमीटरला 0.2 डेसिबल घट होते, म्हणजे 100 किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोचतो. अनोळखी क्वांटम स्थितीची नक्कल करता येत नाही, म्हणून मध्ये साधा अ‍ॅम्प्लिफायरही लावता येत नाही. मिशनचं उद्दिष्ट मात्र 2000 किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहनाचं आहे!

थिअरी घ्या, पण लॅब असलेल्या गटात. डिटेक्टरच्या उणिवा धरून सुरक्षिततेची सिद्धता मांडणारी माणसं सगळीकडे हवी असतात, आणि उद्या कॉलेजात शिकवायचं झालं तरी दोन्ही बाजू हाताखालून गेलेल्या असतील. नेटबरोबर जेस्टही (भौतिकीच्या पीएचडीची प्रवेश परीक्षा) द्या. गाईड ठरवण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. सीएचबी सांभाळत पीएचडी मात्र करू नका, दोन्हीकडे ओढाताण होते. जेआरएफ लागली की सरळ निघा.