शब्दचर्चा : ‘फुकट’

चाटीगल्ली :
सगळ्यांना सलाम. रविवारी भक्तीनंतर चहा पिताना वाद झाला तो इथे टाकते. बायबलातल्या मत्तय 10:8 मधलं ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ हे एका पाहुण्यांना खटकलं, म्हणाले देवाच्या देणगीला असला बाजारातला शब्द कशाला, ‘विनामूल्य’ म्हणा, जरा शोभतं तरी. मला ते अजिबात पटलं नाही, कारण ‘फुकट’ म्हणजे काय ते मला आमच्या बोक्यानं शिकवलंय. हसू नका. भर मे महिन्यात माठाखाली ओल असते तिथे येऊन पसरला तो आमचाच झाला, उंदीर धरत नाही, पाल दिसली तरी नुसता बघत बसतो, दूध पचत नाही (मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाहीच, उगाच पाजू नका) म्हणून बोंबील लागतात, आणि वर आम्ही कुठे बसायचं ते हा ठरवणार. सासरे त्याला फुकटफौजदार म्हणतात. आता या प्राण्याला आम्ही जे देतो ते ‘विनामूल्य’ देतो असं कोण म्हणेल? फुकटच देतो की.
तर प्रश्न असा, तुमच्या बोलण्यात ‘फुकट’ला टोमण्याचा वास येतो का? आणि मोफत, विनामूल्य कुठे वापरता?

होटगीरोड :
वास येतोच ओ. फुकट्या, फुकटचा सल्ला, फुकटची हमाली, यातलं एकतरी चांगलं आहे का? मोफत हा पाटीवरचा शब्द, मूळ फारसी मुफ्त. मोफत धान्य, मोफत नेत्रतपासणी शिबिर. विनामूल्य पत्रिकेवर, ‘कार्यक्रम सर्वांसाठी विनामूल्य’. पण तिथून घरी आलेला माणूस ‘फुकट होतं म्हणून गेलो’ असंच सांगतो. जुनं रूप फुका, समर्थांचं ‘फुकाचे मुखी बोलता काय वेचे’ आठवा. आणि दुसरा अर्थ विसरू नका, वाया जाणे. पाऊस आला नाही, पेरणी फुकट गेली.

नुसताचवाचक :
हा दुसरा अर्थच खरी गंमत आहे. मूळ ग्रीकमध्ये मत्तय 10:8 ला शब्द आहे ‘दोरेआन’. तो आलाय देणगी या अर्थाच्या शब्दावरून, आपल्या ‘दान’च्याच धातूकुळातला. आता हाच दोरेआन गलतीकर 2:21 मध्ये येतो तिथे अर्थ होतो ‘विनाकारण’, म्हणजे नियमशास्त्रानेच (मोशेचे नियम पाळूनच) नीतिमान होता आलं असतं तर ख्रिस्त विनाकारण मेला, आपल्या भाषेत फुकट गेला. योहान 15:25 मध्येही तोच, ‘विनाकारण द्वेष केला’. म्हणजे ग्रीक शब्दालाही दोन्ही पदर आहेत, पैसे न घेता आणि कारण नसताना. मराठीत दोन्ही पदर एकत्र धरणारा शब्द ‘फुकट’ सोडून मला तरी दिसत नाही. पाहुण्यांची बाजूही सांगतो, रोमकर 3:24 ला आपल्याकडे ‘विनामूल्य नीतिमान ठरतात’ असंच छापलंय, ग्रीक शब्द तोच. तेव्हा त्यांचं चूक नाही, पण विनामूल्यमध्ये फक्त किंमत येते, लायकीचा प्रश्न येत नाही.

मागवाला :
माफ करा पण मांजराला अध्यात्मात आणू नका. 2 थेस्सलनीकाकर 3:10 वाचा, ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतः तंबू करून पोट भरायचा. आमच्या घरात तीन पिढ्या मागावर बसल्या, चादरी विणल्या, फुकट खाणं म्हणजे आमच्यात शिवी आहे शिवी.

चाटीगल्ली :
दादा, शिवी आहे म्हणूनच तर तो शब्द पाहिजे. आणि पौलाचंच घ्या ना, त्यानं कुणाची भाकर फुकट खाल्ली नाही हे त्याच पत्रात दोन ओळी आधी आहे, पण 2 करिंथकर 11:7 मध्ये तोच म्हणतो मी तुम्हाला सुवार्ता फुकट सांगितली, तिथेही दोरेआनच आहे बघा. म्हणजे त्यानं तंबू शिवले ते दुसऱ्याला फुकट मिळावं म्हणून. घेणाऱ्याला फुकट असतं तेव्हा कुणीतरी भरलेलं असतं. बोक्याचे बोंबील फुकट, मंगळवार बाजारात पैसे मी मोजते. ‘मोफत’ म्हटलं की भरणारा कोण ते दिसतच नाही, सरकार नाहीतर कंपनी असं काहीतरी वाटतं.
अजून एक. त्याची जेवायची स्टीलची वाटी आहे ना, ती माझ्या लग्नातल्या आहेराची, काठावर टोचून टोचून नाव घातलंय, कोणाकडून, कोणाला सप्रेम भेट, तारीख, सगळं. आपण देतो ते असं, पन्नास वर्षं घासलं तरी देणाऱ्याचं नाव जात नाही. त्या वाटीत मी रोज बोंबील टाकते तेव्हा बोका ना नाव वाचत ना उपकार मानत, पोट भरलं की पाठ फिरवून निघून जातो. पहिल्यांदा राग यायचा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे मत्तय 6 मधलं संडे स्कूलपासून पाठ, पण करून बघायला मिळालं ते इथे, कारण ‘थँक्यू’ येणारच नाही अशा ठिकाणी देताना आपल्याला मिरवायला काही उरतच नाही. माणसांना देताना मला अजून जमत नाही, अर्पणाच्या थैलीत नोट टाकताना शेजारीण बघते का ते बघतेच मी.

नुसताचवाचक :
अर्पणावरून, बायबलातल्या त्या गरीब विधवेच्या ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ मधली टोली कुणी ऐकलीय का बोलण्यात? दमडी तरी ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ मुळे जिवंत आहे.

होटगीरोड :
टोली नाही ऐकली. बाकी मांजर अध्यात्मात आधीच आहे मागवाले दादा. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत (रामानुजांचा संप्रदाय) मार्जारन्याय आणि मर्कटन्याय असा जुना वाद आहे, माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू नुसतं लोंबतं आणि आई मानगुटीला धरून नेते. देवाची कृपा यातली कुठली, यावरून दोन पंथ झाले.

मागवाला :
बरं बुवा, लोंबू दे. पण बायबलात मांजर नाहीच.

नुसताचवाचक :
आपल्या प्रोटेस्टंट बायबलात नाही. कॅथलिकांच्या बायबलात बारूख नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सहाव्या अध्यायात आहे, तिथे ती मूर्तींच्या अंगावर जाऊन बसतात. कुठे बसायचं हे कुणाला विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.

पूर्वभाग :
मी घरी तेलुगू, शाळा मराठी. आमच्या तेलुगू बायबलात मत्तय 10:8 ला ‘उचितमुगा’ आहे. तेलुगूत उचितम् म्हणजे फुकट! कन्नडमध्येही उचित म्हणजे फुकटच, विजापूरकडे गेलात तर पाट्या बघा. लहानपणी मराठीच्या पेपरात ‘उचित पर्याय निवडा’ वाचून मी फुकटचा कुठला ते शोधत बसायचो.

चाटीगल्ली :
अय्यो, हे लई भारी! आपल्याकडे उचित म्हणजे योग्य, लायक, आणि तिकडे फुकट, म्हणजे अगदी उलटं टोक. हे वळण शब्दानं कुठे घेतलं? संस्कृतवाले कुणी असतील तर सांगा, आणि पूर्वभाग, तेलुगूत ‘फुकट्या’ला काय म्हणतात तेही टाका, बोक्यासाठी पाहिजे.