लोकसंख्यावाढ आणि गरीब देश : आधी काय, नंतर काय?

जिज्ञासू (प्रश्न)

राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न मिळते. तेव्हा भाजक लहान ठेवला की देश सुखी, असे माझे सरळ गणित होते. आकडे चाळताना ते डळमळीत झाले. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरियात एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत, पश्चिम आफ्रिकेतील नायजरमध्ये सातच्या वर. दोन्ही देश गरीब होते. आज कोरियातील सरासरी एकाच्याही खाली गेली आहे आणि तो श्रीमंत देशांत गणला जातो. नायजरमध्ये मात्र ती अजून सहाच्या आसपास आहे. मग कोरिया जन्म घटले म्हणून श्रीमंत झाला, की श्रीमंत होत गेला म्हणून जन्म घटले? शिवाय येणारे मूल खाणारे एक तोंड घेऊन येते, तसे राबणारे दोन हातही घेऊन येतेच की. ते हात हिशेबात कुठे धरायचे?

ताळेबंद (उत्तर)

हात धरायचेच, पण योग्य तारखेला. तोंड पहिल्या दिवशी येते आणि हात पंधरा-वीस वर्षांनी. मधल्या काळातला खर्च कोणीतरी करावा लागतो, आणि गरीब देशाची सगळी अडचण त्या मधल्या काळातच आहे.

एक उदाहरण घेऊ. लोकसंख्या वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर ती साधारण २३ वर्षांत दुप्पट होते. म्हणजे आज जिथे एका वर्गखोलीत साठ मुले दाटीवाटीने बसलेली आहेत, तिथे २३ वर्षांत शेजारी दुसरी खोली बांधायची, दुसरा शिक्षक तयार करायचा, फळा, बाके, पुस्तके पुन्हा एकदा घ्यायची. आणि एवढे सगळे केल्यावर काय मिळाले, तर वर्गात पुन्हा साठच मुले. साठाची चाळीस करायची असतील तर तो खर्च वेगळाच.

कारखाने, रस्ते, वीज यांनाही हाच हिशेब लागतो. एक रुपयाचे वार्षिक उत्पन्न काढायला तीन रुपयांचे भांडवल लागते असे धरले, तर ३ टक्के लोकसंख्यावाढीत दरडोई भांडवल आहे तेवढेच राखण्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचे ९ टक्के दरवर्षी गुंतवावे लागतात. १ टक्का वाढीत ३ टक्के पुरतात. ज्या देशाची बचतच मुळात दहा-बारा टक्के आहे, त्याच्या हाती मग प्रगतीसाठी किती उरते ते पाहा.

दुसरी बाजू (उत्तर)

वरील हिशेब चुकीचा नाही, पण तो एका बाजूचा आहे. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांच्यापासून अनेकांनी वेगवेगळ्या देशांचे लोकसंख्यावाढीचे आणि दरडोई उत्पन्नवाढीचे दर शेजारी ठेवून पाहिले, आणि अपेक्षित असलेला ठळक उलटा संबंध निदान १९८० पर्यंतच्या आकडेवारीत त्यांना सापडला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९८६ च्या अहवालानेही जपूनच लिहिले : वाढ मंदावणे बहुतेक विकसनशील देशांच्या हिताचे आहे, पण वाईट धोरणे आणि दुबळ्या संस्था यांवर तो उतारा नव्हे. दाटीचे म्हणाल, तर नेदरलँड्स दाट वस्तीचा असून श्रीमंत आहे, आणि काँगो विरळ वस्तीचा असून गरीब.

लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, हा माल्थसचा युक्तिवाद शेतीबाबत अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९६५ मध्ये उलटा करून दाखवला. माणसे वाढली की जमीन पडीक ठेवण्याची मुदत कमी होते, कुदळीच्या जागी नांगर येतो, खत आणि पाटाचे पाणी येते. म्हणजे गरजच नवी पद्धत आणते. (ही प्रक्रिया किती वेगाच्या वाढीला पेलवते, हा प्रश्न मात्र उरतोच.)

आणि जन्म जास्त का होतात हेही विचारायला हवे. पाचांपैकी दोन मुले दगावण्याची भीती असेल, म्हातारपणी मुलांखेरीज आधार नसेल आणि मुलीचे लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी होत असेल, तर सहा मुले हा त्या कुटुंबाच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेला हिशेब असतो. १९७४ च्या बुखारेस्ट येथील जागतिक लोकसंख्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख करण सिंग यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचे म्हटले, त्यामागे हाच विचार होता.

मैदानातून (उत्तर)

मग विकास होईपर्यंत वाट पाहायची का? बांगलादेशाने पाहिली नाही. १९७० च्या दशकात तिथे एका स्त्रीला सरासरी साडेसहा-सात मुले होत. आज ती संख्या दोनच्या आसपास आहे, आणि तिच्यातील बरीचशी घट देश अतिशय गरीब असतानाच झाली. मतलब या ग्रामीण भागात १९७७ पासून साधारण निम्म्या गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन गर्भनिरोधक साधने देऊ लागल्या, उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. पहिल्या गटातील जन्मदर लवकर खाली आला. पुढे त्याच गावांत लसीकरणही जोडले गेले, त्यामुळे मुलांच्या आरोग्यात झालेल्या सुधारणेचे श्रेय नक्की कशाला द्यायचे, यावर वाद होतो. पण दारात सेवा आली की गरीब बाईसुद्धा ती वापरते, एवढे त्यातून दिसले.

जिज्ञासू

आभारी आहे. एक शंका उरली. जन्म घटले की काम करणाऱ्यांचे प्रमाण वाढते आणि देशाला लाभांश मिळतो, असे म्हणतात. हा लाभांश आपोआप जमा होतो का?

ताळेबंद

होत नाही. १९६५ ते १९९० या काळातील पूर्व आशियाच्या वाढीपैकी एक-तृतीयांशापर्यंतचा भाग वयोरचनेतील बदलामुळे असावा, असा अंदाज डेव्हिड ब्लूम आणि जेफ्री विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. पण तिथे त्या तरुणांना शाळा मिळाल्या होत्या आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांत कामही मिळाले. लॅटिन अमेरिकेतही मुलांचे प्रमाण घटू लागले होते. मात्र परदेशी कर्जे फेडता न आल्याने उद्भवलेल्या १९८२ च्या कर्जसंकटानंतरचे दशक तिथे वाया गेले आणि काम करण्याच्या वयाची माणसे कामाशिवाय राहिली. अवलंबून असणारा मुलगा पंचविशीचा झाला आणि बेकार राहिला, तर अवलंबित्व फक्त वयाच्या रकान्यातून हटले, घरातून नाही.

नायजरबाबत एक गोष्ट जोडतो. तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालची आहे. उद्यापासून प्रत्येक स्त्रीला दोनच मुले झाली, तरी आज शाळेच्या वयात असलेल्या मुली पुढची पंचवीस-तीस वर्षे आई होत राहतील आणि त्यांची संख्या त्यांच्या आयांपेक्षा कितीतरी मोठी आहे. शिवाय पुढच्या २० वर्षांत काम मागणारे बहुतेक सगळे आज जन्मलेले आहेतच, म्हणजे त्यांना लागणाऱ्या रोजगाराचा आकडा बहुतांशी आजच ठरलेला आहे. जन्मदर घटवून तो बदलता येणार नाही.