ग्रेड १ फॅटी लिव्हर आलंय, दारूचा थेंब घेत नाही, मग खाण्यात नेमकं काय बदलू?

अंबड_शिफ्टवाला:
नमस्कार मंडळी, कंपनीच्या चेकअपमध्ये यंदा सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलीय, असं लिहून आलंय. वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ६८, एसजीओटी ४५, प्लेटलेट अडीच लाख, शुगर बॉर्डरला. मी शाकाहारी, दारू नाही, तंबाखू नाही, त्यामुळे घरात सगळे चक्रावलेत, आई तर म्हणते रिपोर्टच अदलाबदल झाला असेल. डॉक्टरांनी वजन कमी करा, तळकट बंद करा एवढंच सांगितलं. नाशिकला अंबडमध्ये शिफ्ट ड्युटी, नाइट असली की कॅन्टीनचा गोड चहा चार-पाच कप आणि सोबत खारी नाहीतर बिस्किटं, रविवारी गंगापूर रोडला मिसळ ठरलेली. आता आई कुटकी, भुईआवळा, गुळवेल असा काढा सुरू करायचं म्हणतेय, मित्र म्हणतो लिव्हर टॉनिकची बाटली आण, मोठा भाऊ म्हणतो तूप पूर्ण बंद कर. मला हे मनापासून नीट करायचंय, घरात दोन लहान मुलं आहेत. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज, काय सोडलं आणि काय खाल्लं.

आहार_नाशिक:
दादा, मी आहारतज्ज्ञ आहे, रोज असे रिपोर्ट बघते. आधी धीर धरा, या टप्प्यावर लिव्हर बऱ्यापैकी पूर्ववत होऊ शकतं. तुमच्या आकड्यांवरून फिब-४ काढला, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांचा साधा हिशोब असतो तो, साधारण ०.९ येतो. १.३ च्या खाली असला की लिव्हर कडक व्हायला लागलं असण्याची शक्यता कमी धरतात. तरी फिजिशियनला एकदा दाखवाच, आणि एसजीपीटी वाढलेलं आहे तर हिपॅटायटिस बी आणि सी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) हेही करून घ्या, फॅटी आहे म्हणून बाकी कारणं आपोआप बाद होत नाहीत.

आता दारू नाही तर चरबी आली कुठून, तर बहुतेक वेळा साखर, मैदा, पोटाचा घेर आणि बसून राहणं. साखरेतलं अर्धं फ्रुक्टोज असतं आणि ते बहुतांशी लिव्हरलाच हाताळावं लागतं, जास्तीचं तिथेच चरबीत बदलतं. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, तुमचा पाच कप गोड चहा एकटाच तिथे पोचतो. म्हणून भावाला सांगा, भाकरीवर चमचाभर तूप चालेल, आधी चहातली साखर आणि खारी जाऊ द्या. शाकाहारी म्हणजे लिव्हरला सुरक्षित असं नाही हो, आपल्याकडे शाकाहारी ताटात भात-पोळी-बटाटा भरपूर आणि डाळ पातळ पाणी असते, ते उलटं करा.

वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही उतरते, तुमच्यासाठी म्हणजे साडेपाच ते आठ किलो. पण हळूहळू, उपाशी राहून महिन्यात झटकन उतरवलं तर लिव्हर उलट बिघडू शकतं. कमरेचा घेरही मोजा, आपल्या लोकांत पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवा.

सिडकोची_ताई:
आमच्या ह्यांचं असंच होतं, तेही दारू न घेणारे. मी काय केलं ते सांगते, रात्रीचा भात बंद करून नागलीची किंवा बाजरीची एकच भाकरी, वाटीभर घट्ट वरण नाहीतर मूग-मटकीची उसळ, आणि मेथी शेपू मुळा काही ना काही पालेभाजी, तेलाचा डबा महिन्याला मोजून आणायचा म्हणजे हात आपोआप आखडतो. मिसळ अजिबात सोडू नका हो, मटकी प्रोटीनच आहे, फक्त फरसाण चिमूटभर, वरची तर्री नको, पाव एकच आणि सोबतची जिलेबी टेबलावर येऊच द्यायची नाही. ह्यांना सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायची सवय लावली, तुम्ही अंबडला म्हणजे जवळच आहे की.

गोदाकाठ:
आमच्या आजीच्या काळापासून कुटकी-भुईआवळा कावीळीला देतात, त्याला उगाच नावं ठेवू नका. आईला काढा करू द्या, निसर्गाचं आहे, अपाय काय होणार.

फार्मसीवाला:
गोदाकाठ, तुमची भावना कळते, पण काउंटरवर उभं राहून मला हे सांगावंसं वाटतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, सारखी दिसणारी दुसरी वेल असेल असं म्हटलं. वाद राहू द्या, पण आपण घरी आणलेली वेल नेमकी कुठली हे आईला तरी कसं ओळखता येणार? एसजीपीटी आधीच वाढलेलं असताना काढा सुरू केला आणि पुढच्या रिपोर्टात ते अजून वाढलं तर डॉक्टरला कळायचं कसं की आजाराने वाढलं का काढ्याने. घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्याला रिपोर्ट दाखवून आणि डॉक्टरला सांगून घ्या. लिव्हर टॉनिकची बाटली म्हणाल तर कित्येक सिरपमध्ये साखर असते, लेबल वाचा. आणि अंगदुखीला मनाने पेनकिलर, जिमवाल्याने दिलेली पावडर, हे बंद. पॅरासिटामॉलसुद्धा ठरलेल्या डोसच्या वर गेलं की थेट लिव्हरवरच घाव घालतं.

अंबड_शिफ्टवाला:
खूप आभार सगळ्यांचे, आईला हे सगळं वाचून दाखवलं, काढा सध्या थांबवलाय. दोन शंका, सासुरवाडी दिंडोरीला आहे, द्राक्षबाग आहे त्यांची, सीझनला घरात पेट्या येतात, ती खायची का नाही? आणि नाइटला भूक लागते त्याचं काय करू?

आहार_नाशिक:
द्राक्षं खा, पण वाटीत काढून, पेटी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर नाही. १०० ग्रॅममध्ये १५ ग्रॅमच्या आसपास साखर येते, तेवढी एक वाटी दुपारी चालेल. रस काढून अजिबात नको, उसाचा रसही नको, कावीळ झाली की पाजतात म्हणून लोक लिव्हरला चांगला समजतात पण तुमच्या लिव्हरला ती साखरच आहे. मनुकेही मूठभर नको, चार-पाच बास.

नाइटला घरून जेवूनच निघा. कॅन्टीनला मध्यरात्री पुन्हा पूर्ण जेवण करू नका, डब्यात भाजलेले चणे, काकडी, मोड आलेले मूग, ताक ठेवा. झोप घालवायला चहाऐवजी बिनसाखरेची कॉफी घ्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसलंय, पण शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच, नाहीतर सकाळी घरी येऊन झोप लागणार नाही आणि झोप मोडली की गोड खावंसं वाटतंच. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं बसवा, ड्युटी बदलली की वेळ बदला पण चालणं चुकवू नका. तीन महिन्यांनी एसजीपीटी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा आणि इथे टाका, मी बघते.